चुन्याने आखलेला ‘एच’

२५ मे २०१७. मराठवाड्यातला उन्हाळा ऐन भरात होता. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस लातूर जिल्ह्याच्या दौऱ्यावर होते. निलंगा तालुक्यातल्या हलगरा गावी श्रमदान आटोपून ते निलंग्यात आले आणि दुपारी बाराच्या सुमारास परतीसाठी हेलिकॉप्टरमध्ये बसले. सोबत वरिष्ठ सनदी अधिकारी प्रवीण परदेशी आणि मुख्यमंत्री कार्यालयातले सहकारी होते. यंत्र राज्य सरकारच्या मालकीचे होते. सिकॉर्स्की कंपनीचे एस-७६ सी++, दोन इंजिनांचे, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसे ने-आण करण्यासाठी जगभर वापरले जाणारे आणि भरवशाचे मानले जाणारे.

मैदानाभोवती निरोप द्यायला गर्दी जमली होती. पंखे फिरले, धुळीचा लोट उठला, हेलिकॉप्टर जमिनीपासून सुटले आणि घरांच्या दिशेने पुढे सरकले. मात्र उंची वाढेना. काही क्षणांत ते खाली येऊ लागले, विजेच्या तारांत अडकले आणि लोकांच्या घरांना लागून जमिनीवर आदळले. गर्दीतल्या अनेकांनी मोबाइलवर चित्रण केले होते आणि तासाभरात ते महाराष्ट्रभर पोहोचले. आतली सगळी माणसे वाचली. आपण सुखरूप असल्याचे मुख्यमंत्र्यांनी ट्विटरवरून लगेच कळवले. वस्तीतही कोणाचा जीव गेला नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याच दिवशी प्राथमिक माहिती दिली. वर चढताना वाऱ्याचा रोख बदलल्याचे जाणवले, म्हणून वैमानिकाने पुन्हा उतरण्याचा निर्णय घेतला आणि उतरता उतरता यंत्र तारेला लागले. म्हणजे उड्डाण म्हणून सुरू झालेली गोष्ट काही सेकंदांत अडचणीच्या जागेत उतरण्याची गोष्ट झाली. ‘थोडक्यात बचावले’ या मथळ्याखाली ती छापली गेली आणि काही दिवसांत मागे पडली. या घटनेमागे मोठा इतिहास आहे आणि तिच्यापुढेही मोठी मालिका आहे. ही मालिका सलग वाचली, तर अपघाताचे मूळ आकाशात सापडत नाही. ते सापडते मैदानात, आदल्या दिवशीच्या तयारीत, आणि बहुतेक वेळा कोणीतरी ‘नको’ म्हणायला हवे असताना न म्हणण्यात.

हेलिकॉप्टर कुठेही उतरते, ही समजूत या यंत्राइतकीच जुनी आहे. युद्धातली त्याची पहिली सुटका झाली तीच मुळी अडचणीच्या जागेतून. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात, जपानी फौजांच्या पिछाडीला, एक छोटे अमेरिकी विमान पडले. त्यात वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. विमान उतरवता येईल इतकी मोकळी जागा आसपास नव्हती. तेव्हा आसामातल्या लालाघाट इथल्या तळावरून कार्टर हार्मन या तरुण अधिकाऱ्याला सिकॉर्स्की वायआर-४बी घेऊन पाठवण्यात आले. हेलिकॉप्टरच्या इतिहासाचे हे पान भारतीय भूमीवरून उघडले गेले, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

हार्मनची कामगिरी यशस्वी झाली, पण ती कशी झाली हे महत्त्वाचे आहे. तिथल्या उकाड्यात त्याचे इंजिन एका वेळी एकच माणूस उचलू शकत होते. म्हणून तो एकेका जखमीला जंगलातल्या मोकळ्या तुकड्यावरून उचलून नदीकाठच्या वाळवंटावर सोडत होता आणि तिथून छोटी विमाने त्यांना नेत होती. दोघांना काढल्यावर इंजिन तापून बंद पडले. उरलेल्या दोघांना दुसऱ्या दिवशी आणले. एकूण चार खेपा झाल्या. हेलिकॉप्टरला कमी जागा पुरते, पण त्याबदल्यात वजन सोडावे लागते, हा धडा त्या पहिल्याच प्रसंगाने दिला होता. हार्मनने तो यंत्राकडून ऐकला आणि पाळला. एका खेपेत दोघांना कोंबण्याचा मोह त्याने केला असता, तर पहिल्या सुटकेऐवजी पहिल्या अपघाताचीच नोंद झाली असती.

हा जागेचा आणि वजनाचा व्यवहार नेमका काय आहे, हे समजल्याशिवाय निलंगा समजत नाही. हेलिकॉप्टर जमिनीलगत तरंगत असते तेव्हा पंख्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीमुळे अडते आणि यंत्राला कमी ताकदीत तरंगता येते. पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत हा आधार कमी कमी होत जातो आणि मग जवळजवळ संपतो. एस-७६ च्या मुख्य पंख्याचा व्यास सुमारे १३.४ मीटर आहे. म्हणजे चार मजली इमारतीच्या उंचीवर पोहोचले की जमिनीचा आधार सुटला. दुसरा आधार मिळतो तो वेगाचा. पुढे जाण्याचा वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या पलीकडे गेला की पंख्यांना सतत ताजी, न घुसळलेली हवा मिळू लागते आणि तेवढ्याच ताकदीत यंत्र अधिक वजन पेलते. पहिला आधार सुटला आणि दुसरा अजून मिळाला नाही, असा एक पट्टा मध्ये असतो. या पट्ट्यात इंजिनांची सगळी ताकद पणाला लागते.

मोकळ्या माळरानावर वैमानिक या पट्ट्याला वळसा घालतो. जमिनीलगत राहून आधी वेग घेतो आणि मग चढतो. उतरताना याच्या उलट करतो. पण मैदानाच्या एका कडेला शाळेची इमारत, दुसऱ्या कडेला निंबाची झाडे, तिसरीकडे विजेच्या तारा आणि चौथीकडे पत्र्याची घरे असली, तर वेग घ्यायला जागाच उरत नाही. यंत्राला सरळ वर चढावे लागते आणि सरळ खाली यावे लागते. म्हणजे जो पट्टा टाळायचा, त्यातूनच जावे लागते. अडचणीच्या जागेतले बहुतेक अपघात इथे होतात.

त्यात उन्हाळा आणि पठाराची उंची यांची भर पडते. बालाघाटच्या पठारावरचा हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. मे महिन्यात तिथे पारा चाळिशी गाठतो. अशा दुपारी तिथली हवा, समुद्रकाठच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेच्या तुलनेत, सुमारे १४ टक्के विरळ असते. पंख्यांना धरायला हवा कमी आणि इंजिनांना जाळायलाही कमी. दोन इंजिने आहेत म्हणून निर्धास्त राहावे, असा भरवसा लोकांना वाटतो. एक इंजिन बंद पडले तर दुसरे साथ देते, हे खरे. पण दोन्ही इंजिने चालू असून दोन्हींची मिळून ताकद अपुरी पडत असेल, तर तिसरे कुठून आणणार? अशा दिवशी उपाय दोनच उरतात. वजन उतरवायचे, नाहीतर सकाळच्या गारव्यात निघायचे. सभा, सत्कार आणि भेटीगाठी यांच्या वेळापत्रकात हे दोन्ही उपाय सर्वांत आधी बळी जातात.

उतरण्याच्या बाबतीत आणखी एक धोका आहे आणि तो अधिक फसवा आहे. पुढचा वेग जवळजवळ संपलेला असताना यंत्र भरभर खाली येऊ लागले, साधारण मिनिटाला ३०० फुटांहून जास्त, तर ते आपणच खाली ढकललेल्या हवेत शिरते. पंख्यांच्या टोकांभोवती हवेची वलये तयार होतात, उचल घटते आणि यंत्र आणखी वेगाने खाली जाते. अशा वेळी ताकद वाढवली तर वलये अधिकच बळावतात. त्यातून सुटायचे तर पुढे किंवा बाजूला सरकायला हवे आणि चारी बाजूंनी अडथळे असले की नेमके तेच करता येत नाही.

२ मे २०११ च्या रात्री पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये हेच जगाला दिसले. ओसामा बिन लादेनच्या वाड्यात उतरणारे अमेरिकेचे ब्लॅक हॉक आवारात कोसळले. या मोहिमेसाठी वाड्याची हुबेहूब प्रतिकृती उभारून सराव झाला होता. फरक एकच राहिला होता. प्रतिकृतीला भिंतीऐवजी जाळीचे कुंपण होते. सरावात पंख्यांची हवा जाळीतून निघून जात होती. प्रत्यक्षात उंच भक्कम भिंतींनी ती आत कोंडली आणि रात्रीची हवा अपेक्षेपेक्षा उष्ण निघाली. जगातल्या सर्वांत कसलेल्या वैमानिकांचे, महिनोन् महिने आखलेले उतरणे एका भिंतीने हाणून पाडले. आपल्याकडे शाळेच्या मैदानाला भिंत आहे की कुंपण, हे आदल्या दिवशी किती ठिकाणी पाहिले जाते?

हवाईदलात १९५४ साली सिकॉर्स्की एस-५५ दाखल झाले, तिथून भारतीय हेलिकॉप्टरांचा इतिहास सुरू होतो. डोंगराळ सीमा आणि उष्ण मैदाने, दोन्ही पेलणारे यंत्र भारताला हवे होते. त्या गरजेपोटी फ्रान्समध्ये ‘लामा’ घडले आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये ते ‘चीता’ या नावाने बनू लागले. २१ जून १९७२ रोजी ज्यां बुले याने लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेले. सियाचेनमधल्या चिमुकल्या हेलिपॅडवर चीता उतरवणाऱ्या आपल्या सैनिकी वैमानिकांनी एक शिस्त अंगी बाणवली. आधी वरून जागेची पाहणी, मग खाली येऊन पुन्हा पाहणी, वाऱ्याचा अंदाज, निघण्याची वाट उतरण्याआधीच ठरवणे आणि वजनाचा किलोकिलोने हिशोब. रॉकेलचा एक डबा जास्त चढला तरी त्या उंचीवर फरक पडतो, हे त्यांना पाठ असते. तिथे वैमानिकाने ‘आज नाही’ म्हटले, तर त्याच्याशी कोणी हुज्जत घालत नाही.

मुलकी जगात ही शिस्त आली, पण अर्धीच. १९८५ साली पवन हंस स्थापन झाली, मुंबईत जुहूचा विमानतळ हेलिकॉप्टरांचे मोठे केंद्र बनला आणि बॉम्बे हायच्या फलाटांवर रोजची वाहतूक सुरू झाली. तिथे सगळे मोजलेले असते. फलाटाचा आकार, वारा, माणसाचे आणि त्याच्या पिशवीचेही वजन. राजकारणातली हेलिकॉप्टरे मात्र वेगळ्या वाटेने गेली. एका दिवसात चार जिल्ह्यांत चार सभा घ्यायच्या तर रस्ता पुरत नाही, म्हणून निवडणुकीत त्यांची मागणी वाढत गेली. प्रत्येक सभेसाठी एक हेलिपॅड लागू लागले.

हे हेलिपॅड कसे तयार होते, हे तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने पाहिलेले असते. शाळेचे किंवा महाविद्यालयाचे मैदान ठरते. बांधकाम खात्याची माणसे येतात, मुरूम पसरतात, रोलर फिरवतात, चुन्याने गोल आखून मध्ये इंग्रजी ‘एच’ काढतात. टँकरने पाणी मारतात. बांबूचे नाहीतर लोखंडी बॅरिकेड लागतात. अग्निशमनाचा बंब आणि रुग्णवाहिका उभी राहते. तहसीलदार, पोलीस निरीक्षक फेरी मारून जातात. ही माणसे मेहनती असतात आणि बहुतेकदा रात्रभर जागतात. पण त्यांच्यापैकी क्वचितच कोणी हेलिकॉप्टरच्या नजरेने त्या जागेकडे पाहायला शिकलेला असतो. पाणी दुपारपर्यंत टिकते का? यंत्र कोणत्या दिशेने येणार आणि कोणत्या दिशेने जाणार? त्या दिशेला डीपी आहे का, तारा आहेत का? तारा वरून दिसतच नाहीत. अनुभवी वैमानिक तारेऐवजी खांब शोधतो आणि दोन खांबांमध्ये तार असणारच असे धरून चालतो. पण धुळीच्या लोटात खांबही दिसेनासे होतात.

निलंग्यानंतर अडीच वर्षांत जे घडले, ते या कमतरतांच्या यादीसारखे आहे. डिसेंबर २०१७ मध्ये नाशिकहून निघालेले मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर वजन जास्त झाल्याने पुन्हा खाली उतरवावे लागले आणि वजन कमी केल्यावरच निघाले. जानेवारी २०१८ मध्ये भाईंदरला उतरण्याच्या जागेजवळ तार असल्याचे वैमानिकाच्या वेळेत लक्षात आले आणि त्याने यंत्र वर घेतले. ऑक्टोबर २०१९ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात, पेणजवळ पावसाने भिजलेल्या जमिनीत हेलिकॉप्टरची चाके रुतली. वजन, तार आणि जमीन. तिन्ही वेळा कोणाला खरचटलेही नाही, म्हणून तिन्ही बातम्या दुसऱ्या दिवशी विझल्या. नाशिकला आणि भाईंदरला वैमानिकाने योग्य निर्णय घेतला, हे मात्र कौतुकाने नोंदवायला हवे. अपघात टळला की तो टाळणाऱ्याचे नाव कोणी लक्षात ठेवत नाही.

३ मे २०२४ रोजी मालिकेतला पुढचा प्रसंग रायगड जिल्ह्यात महाडला घडला. लोकसभेच्या प्रचारात शिवसेनेच्या उद्धव ठाकरे पक्षाच्या नेत्या सुषमा अंधारे यांची तिथे आदल्या रात्री सभा झाली होती. सकाळी त्यांना न्यायला हेलिकॉप्टर आले. जमिनीजवळ येताच धुळीचा मोठा लोट उठला, यंत्र हेलकावले, एका अंगावर कलंडले आणि पंखे जमिनीवर आपटून तुटले. अंधारे अजून आत बसायच्या होत्या. वैमानिक वाचला. चित्रण पाहिले की लक्षात येते, शेवटचे काही सेकंद यंत्र धुळीत पूर्ण हरवले आहे. डोळ्यांपुढे धूळ फिरू लागली की आपण सरकतो आहोत की धूळ सरकते आहे हे वैमानिकाला कळेनासे होते. एक पाय आधी टेकला आणि यंत्र त्यावर तोलू लागले, तर ते सावरायला अर्धा क्षणही मिळत नाही. निलंगा ते महाड या सात वर्षांत अधिकारी बदलले, सरकारे बदलली, धूळ तीच राहिली.

हे दुखणे महाराष्ट्रापुरते नाही. ३ मार्च २००२ रोजी लोकसभेचे अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी भीमावरमहून निघाले होते. कृष्णा जिल्ह्यात कैकलूरजवळ त्यांचे बेल २०६ नारळीच्या झाडाला लागून माशांच्या तळ्यात कोसळले. बालयोगी, त्यांचे अंगरक्षक आणि वैमानिक, तिघेही गेले. केदारनाथच्या खोऱ्यात, सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, २४ मे २०२४ रोजी यात्रेकरूंचे हेलिकॉप्टर हेलिपॅडपासून थोड्या अंतरावर गिरक्या घेत उतरले. माणसे वाचली. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२५ रोजी, तिथेच ऋषिकेशच्या एम्सच्या हवाई रुग्णवाहिकेची शेपटी उतरताना मोडली. रुग्णाला वाचवायला गेलेले यंत्रच संकटात सापडले.

आणि तरीही हेलिकॉप्टर अडचणीच्या जागी उतरते, माणसे वाचवते, हेही तितकेच खरे आहे. ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या महापुरात नौदलाचे लेफ्टनंट कमांडर अभिजित गरुड यांनी चालाकुडीत एका घराच्या गच्चीवर सी किंग उतरवले. ‘उतरवले’ म्हणायचे ते एवढ्याच अर्थाने की चाके गच्चीला टेकली होती. वजन पंख्यांनीच पेललेले होते, कारण त्या अवजड यंत्राचा सगळा भार पडला असता तर स्लॅब खाली बसला असता. त्या एका गच्चीवरून २६ माणसे वाचली. महाडला सभेनंतर एका नेत्याला न्यायला धुळीत उतरणे आणि चालाकुडीला बुडणाऱ्यांसाठी गच्चीवर उतरणे, या दोन्हींत धोका आहे, पण धोका पत्करण्याचे कारण वेगळे आहे. चालाकुडीत पर्याय नव्हता. निलंगा, नाशिक, भाईंदर, पेण, महाड इथे पर्याय होता. अर्धा तास उशीर करता आला असता, पाच किलोमीटर पलीकडचा माळ निवडता आला असता, एक माणूस मोटारीने येऊ शकला असता. ज्या धोक्याला पर्याय आहे तो पत्करणे म्हणजे शौर्य नव्हे. या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि ते मी पूर्ण गांभीर्याने सांगतो आहे, कारण या धोक्यात केवळ आत बसलेले नसतात. निलंग्याला ज्यांच्या घरांना लागून यंत्र पडले, त्यांनी कोणतेही तिकीट काढले नव्हते.

महत्त्वाची व्यक्ती अरुंद जागेत आली की त्या जागेचा सगळा तोल बदलतो, हे हेलिकॉप्टरशिवायही देशाने पाहिले आहे. कावेरीकाठच्या कुंभकोणमला महामहम नावाचे तळे आहे, सुमारे सव्वासहा एकरांचे, चारही बाजूंनी मंडप आणि वस्ती. गुरू सिंह राशीत असताना, माघ महिन्यात, दर बारा वर्षांनी तिथे लाखो लोक स्नानाला जमतात. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी मुख्यमंत्री जयललिता स्नानाला आल्या. त्यांना पाहण्यासाठी गर्दी लोटली आणि चेंगराचेंगरीत ४० हून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. तिथे यंत्र नव्हते, तारा नव्हत्या. पण सूत्र तेच होते. जागा किती माणसांना, किती वजनाला, किती वाऱ्याला पुरेल हा हिशोब पाहुण्याच्या मानापुढे गौण ठरला.

कुंभकोणमला विमानतळ नाही. सर्वांत जवळचा मुलकी विमानतळ तिरुचिरापल्लीचा. अशा गावी घाईने पोहोचायचे तर हेलिकॉप्टरच, आणि गोपुरांच्या, नारळींच्या, घरांच्या दाटीत उतरायचे तर एखादे मैदानच. १९९२ नंतर २००४ आणि २०१६ चे महामहम झाले, पुढचे २०२८ मध्ये येईल. त्याआधी, गुरू सिंहेत असतानाच, २०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाचा मोठा मेळा भरेल. डोंगरांच्या कुशीत वसलेले त्र्यंबक, गोदाकाठ, पावसाळ्याचे ढग, लाखोंची गर्दी आणि तिच्यात उतरू पाहणारी मान्यवरांची हेलिकॉप्टरे. निलंगा आणि महाडचे धडे वापरायचे असतील, तर तयारीची वेळ हीच आहे.

त्या तयारीत अवघड असे काही नाही. प्रत्येक तालुक्याला एक कायमचे हेलिपॅड असावे, गावाबाहेर, सिमेंटचे, येण्याजाण्याची दिशा तारांपासून मोकळी ठेवलेले. ते पुराच्या वेळी, साप चावलेल्या रुग्णासाठी, अडलेल्या बाळंतिणीसाठीही उपयोगी पडेल. सभेपेक्षा त्याचा तोच उपयोग मोठा. तात्पुरते हेलिपॅड करावेच लागले, तर बांधकाम खात्याच्या अभियंत्यासोबत महावितरणचा माणूस आणि उड्डाणाची जाण असलेली एक व्यक्ती आदल्या दिवशी जागेवर असावी आणि त्यांच्यापैकी कोणा एकाने नकार दिला तरी जागा रद्द व्हावी. प्रवाशांचे आणि सामानाचे वजन काट्यावर मोजून कागदावर यावे आणि पाहुणा कितीही मोठा असला तरी तो काटा त्याला लागू असावा. मे महिन्यात दुपारचे उड्डाण शक्यतो टाळावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, वैमानिकाने ‘इथे उतरणार नाही’ किंवा ‘एवढ्यांना घेऊन उडणार नाही’ असे म्हटले, तर त्याची नोकरी, त्याच्या कंपनीचे कंत्राट आणि त्याचा मान शाबूत राहील याची लेखी हमी सरकारने द्यावी.

हार्मनला १९४४ साली एका वेळी एकच जखमी उचलता आला आणि त्याने चार खेपा केल्या. त्याच्यासमोर युद्ध होते, शत्रू होता, तरी त्याने यंत्राच्या मर्यादेबाहेर पाऊल टाकले नाही. आपल्या मैदानांवर युद्ध नसते, असते फक्त पुढच्या सभेची वेळ. ती वेळ चुकली तर सभा उशिरा सुरू होईल आणि लोक थांबतील. महाराष्ट्रातल्या माणसाने नेत्यांची वाट तासन् तास पाहिली आहे. त्याच्या डोक्यावरून सुरक्षित जाणे, एवढे तरी त्याला देणे लागतो.